माझी आई आईसारखी आहे

वहीच्या डाव्या पानावर पाच वाक्यं होती आणि पाचही अरुंधतीनं उभ्या उभ्याच वाचली. हात कणकेत, वही ओट्यावर कोपरानं दाबून धरलेली. देवानंद सरांनी चौथीच्या पोरांना घरचा अभ्यास दिला होता : 'सारखा, सारखी, सारखे' हे शब्द वापरून आपल्या जवळच्या माणसांवर वाक्यं लिहा. शरयूनं लिहिलं होतं :

सगुणाआजीचे हात भाजलेल्या वांग्याच्या सालासारखे आहेत.
सगुणाआजीचा आवाज उताराला लागलेल्या बैलगाडीसारखा आहे.
सगुणाआजी हसते तेव्हा तिचं तोंड उकललेल्या बोंडासारखं दिसतं.
बाबा संध्याकाळी पिळून ठेवलेल्या कपड्यासारखे असतात.
माझी आई आईसारखी आहे.

पहिल्या चारांपुढे सरांनी लाल शाईत 'छान' लिहिलं होतं. पाचव्याभोवती गोल, आणि बाजूला 'पुन्हा लिही'.

अरुंधतीनं कणीक परत मळायला घेतली. मळून झालेलीच होती, तरी मळली.

"शरयू, हे काय गं? माझ्यावर काहीच सुचलं नाही?"

शरयू उंबऱ्यात बसून चपलेचा बंद लावत होती. "लिहिलंय की."

"आईसारखी म्हणजे काय? सगुणाआजीवर तीन तीन वाक्यं, आणि आईवर हे एवढंसं?"

"अगं, ती खरी आजी नाही ना माझी," शरयू शांतपणे म्हणाली, "म्हणून ती कशासारखी तरी असते. तू तर खरीच आहेस. खऱ्याला सारखं कशाला लागतंय?"

एवढं बोलून ती गेली. कुठे, ते विचारायला नको होतं. अंगण ओलांडलं, तुरीच्या वाळक्या काड्यांचं, तुरट्यांचं, कुंपण होतं त्यातली फट ओलांडली, की सगुणाबाईचं रान.

दुसऱ्या एखाद्या आईनं ते उत्तर पदरात बांधून ठेवलं असतं. पण अरुंधतीला त्या वेळी ते ऐकूच आलं नाही. तिच्या डोक्यात 'सगुणाआजी, सगुणाआजी, सगुणाआजी' असा तीनदा टोल पडला होता.

बदनापूरला येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. नरहर जालन्याला एमआयडीसीत, बियाण्याच्या कारखान्याच्या ऑफिसात. सकाळच्या पॅसेंजरनं जायचा, अंधार पडता पडता यायचा, आणि बियाण्याच्या हंगामात रविवारही पाळीत जायचा. घर भाड्याचं, सगुणाबाई आणि कडूबा या म्हाताऱ्या जोडप्याचं. पुढच्या दोन खोल्या यांना, मागची बाजू त्यांना, आणि मागं लागून त्यांचा दीड एकराचा तुकडा. अरुंधती मराठी घेऊन बी.ए. झालेली. औरंगाबादच्या कॉलेजात तिला भाषेच्या पेपरात पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि लग्न झालं नसतं तर ती एम.ए.ला बसणार होती. ते आता कोणाला सांगण्यात अर्थ नव्हता. पण शरयू होती. शरयूला फेब्रुवारीत चौथीच्या स्कॉलरशिपला बसवायचं होतं, आणि त्यातले म्हणी-वाक्प्रचारांचे मार्क अरुंधतीच्या लेकीचे जातील, हे तिला खपणारं नव्हतं.

आणि गोम नेमकी तिथंच होती. शरयूला शब्द जसा पडेल तसाच कळायचा. मागच्या उन्हाळ्यात अरुंधती तिला म्हणाली, "दाराकडे लक्ष ठेव, मी आलेच," आणि पोरगी पाऊण तास दाराकडे तोंड करून बसली. पाठीमागे दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला तरी तिनं मान वळवली नाही. नरहर एकदा म्हणाला, "आज साहेब माझ्यावर फार तापले," तर हिनं विचारलं, "मग त्यांना गोळी दिली का?" शेजारच्या बायका हसल्या. अरुंधती हसली नाही. तिनं शंभर पानी वही आणली, पट्टीनं मधोमध रेघ मारली, डावीकडे लिहिलं 'शब्दाचा अर्थ' आणि उजवीकडे 'म्हणायचा अर्थ'. चार महिने रोज संध्याकाळी दहा वाक्प्रचार. डोळ्यांत तेल घालणे.

"झोंबेल ना, आई."

"अगं तेल घालायचं नसतं. खूप जागरूक राहायचं, असा अर्थ."

"मग तसंच का नाही म्हणत?"

याला बी.ए.च्या पुस्तकात उत्तर नव्हतं. शरयू उजवी बाजू पाठ करायची, घडाघडा म्हणून दाखवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साहेबांना गोळी द्यायची.

त्या पोरीनं माणसाच्या हातात भाजलेलं वांगं पाहिलं होतं. कधी पाहिलं? कोणी दाखवलं?

अरुंधतीनं हात धुतले आणि कुंपणापाशी गेली.

भाद्रपदातली दुपार कलली होती. सगुणाबाईच्या तुकड्यात सरकी, म्हणजे कपाशी होती, पण नुसती कपाशी नव्हे. कंपनीचा बियाण्याचा प्लॉट होता. दोन वाणांचा संकर हातानं करायचा. सांजेला मादीच्या ओळीतल्या उद्या उमलणाऱ्या कळ्या हेरायच्या, नखानं पाकळी आणि परागाचं कवच अलगद सोलून काढायचं, आणि मधला उघडा दांडा लाल कागदाच्या टोपीखाली झाकायचा. सकाळी टोपी काढून नराच्या ओळीतलं फूल त्यावर फिरवायचं, आणि देठाला दोरा बांधायचा. अरुंधतीला हे नरहरकडून माहीत होतं. तो ते 'प्रोसेस' म्हणायचा.

सगुणाबाई म्हणत होती, "ही नवरी. हिला आज न्हाऊ घातली, आता अंतरपाट धरायचा. धर बरं. दाबू नको, नवरीचं नाक मोडंल."

शरयूनं दोन बोटांत लाल कागद धरला आणि दांड्यावर चढवला. जीभ दातांत.

"असं. आता हिला रातभर कोणी बघायचं न्हाई. भुंगा न्हाई, माशी न्हाई. भलताच कोणी येऊन माळ घालून गेला, तर कंपनीवाला बोंबलतो. सकाळी अंतरपाट दूर, नवरदेव पुढं, अन् अकराच्या आत अक्षता. अकराच्या पुढं मुहूर्त टळला, मंग बिलकुल उपेग न्हाई. नवरी वाळून गळून पडती."

"आजी, हे खरं लग्न असतं?"

सगुणाबाईनं कमरेवर हात ठेवून विचार केला. "तुला काय वाटतं?"

"खरं नाही." शरयू कळीकडे बघत राहिली. "पण खोटं पण नाही. बोंड तर खरंच येतं."

"मंग झालं की!" म्हातारी खदखदून हसली. तोंड खरंच उकललेल्या बोंडासारखं दिसलं.

कुंपणाच्या तुरटीचं टोक अरुंधतीच्या तळव्यात रुतलं होतं. चार महिने. शंभर पानं. मधोमध मारलेली रेघ. आणि या बाईनं, जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, जी रेशनच्या रजिस्टरवर अंगठा उठवत होती, तिनं हे एक कळी सोलायला लागतो एवढ्या वेळात केलं होतं.

"वैनी!" सगुणाबाईला ती दिसली. "या की आत. पोरगी लई गुणाची हाय तुमची. हात असा हलका, जशी काय सोनारीण. तिला म्या एक झाडच देऊन टाकलं. त्या कडंचं. त्याच्यावर दुसऱ्या कोणाचा हात न्हाई."

"फवारा मारता ना तुम्ही, मावशी?" अरुंधती म्हणाली. "विषारी असतो तो. तिचं अंग नाजूक आहे."

"फवारा मारून आठ दिस झाले. म्या काय लेकराला इखात घालीन व्हय?"

"तसं नाही हो."

तसंच होतं. दोघींनाही कळलं.

रात्री जेवताना अरुंधतीनं नरहरला वही दाखवली. त्यानं पाची वाक्यं वाचली, 'पिळून ठेवलेल्या कपड्यासारखे' वाचून मोठ्यानं हसला आणि वही परत दिली.

"सोन्यासारखं लिहिलंय. तुला काय खुपतंय त्यात?"

"मला कशाला खुपेल? मी म्हणते, सतत तिकडे पडीक असते. अभ्यास राहतो. बोलणं बघा तिचं. काल म्हणाली, 'मी जेवून राह्यले.'"

"मग? जेवतच राह्यली होती ना?"

"तुम्हाला चेष्टा सुचते."

"अगं, तुझ्या पोटात दुखतंय," नरहर वरणात भात कालवत म्हणाला. "सरळ सांग ना. म्हातारीपायी पोटात दुखतंय."

शरयूनं ताटातून मान वर केली. आईकडे पाहिलं. पोटाकडे नाही, तोंडाकडे.

"बाबा, हे खरं खरं दुखणं नाही ना?" ती हळूच म्हणाली. "ते दुसरं."

नरहरला ठसका लागला. अरुंधतीनं त्याला पाणी दिलं, आणि तोंड फिरवून भाकरी उलटली. लेकीला आज पहिल्यांदा एक वाक्प्रचार आपणहून कळला होता. तो कळावा तर नेमका हा.

पुढचे आठ दिवस तिनं सगळे उपाय केले. अंबाडीची भाजी सोडून शेवयाची खीर. वहीतल्या वाक्प्रचारांच्या चिठ्ठ्या करून खेळ. शरयू खीर खायची, खेळ खेळायची, "आता जाऊ?" विचारायची. ते 'आता जाऊ' इतकं आदबशीर असायचं, की अरुंधतीला वाटे, एकदा तरी हिनं हट्ट करावा, पाय आपटावे. हट्ट माणूस आपल्याच माणसापाशी करतो. शाळा अकराला भरायची. त्याआधी सकाळचा दीड तास पोरगी रानात, शाळेतून आली की दिवेलागणीपर्यंत रानात. भिंतीवरचं घड्याळ गणपतीपासून बंद पडलं होतं, म्हणून वेळ बघायला ती मधूनच धावत यायची, आईचं मनगट धरून घड्याळ वाचायची, आणि परत पळायची. अरुंधतीच्या हाताला लेकीचा हात तेवढाच लागायचा.

शनिवारी संध्याकाळी शरयू नाचतच आली. "आई, नऊ! माझ्या झाडावर एकदम नऊ कळ्या! नऊच्या नऊ मी एकटीनं सोलल्या, एक पण मोडली नाही. उद्या सकाळी नऊ लग्नं."

"उद्या सकाळी आपण जालन्याला जायचं," अरुंधती म्हणाली.

हे तिनं ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघाल्यावर ठरलं.

"कशाला?"

"स्कॉलरशिपचं गाईड आणायला. तासाभरात येऊ."

"पण माझी फुलं?"

"आजी करतील की."

"नाही करणार. मी गळ्याची शपथ घातलीय, माझ्या फुलांना हात लावायचा नाही म्हणून. आजी शपथ मोडत नाही."

अरुंधतीनं हे ऐकलं. नीट ऐकलं. नंतर कित्येक दिवस तिनं स्वतःला हेच विचारलं, की मी तेव्हा ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं.

"तासाभरात येऊ म्हटलं ना," ती म्हणाली.

शरयूनं मान डोलावली. आई तासाभरात म्हणाली म्हणजे तासाभरात.

सकाळच्या पॅसेंजरनं दोघी जालन्याला उतरल्या तेव्हा सव्वाआठ झाले होते. गांधी चमनजवळचं पुस्तकांचं दुकान दहाला उघडतं हे अरुंधतीला माहीत होतं. तिनं लेकीला इडली खाऊ घातली. रिबिनी घेतल्या. बाकावर बसून तिला जवळ ओढलं, केसांतून हात फिरवला, कॉलेजातल्या गॅदरिंगच्या गमती सांगितल्या. किती दिवसांनी पोरगी सबंध तिची एकटीची होती! शरयू ऐकत होती, आणि दर थोड्या वेळानं विचारत होती, "किती वाजले?" "आहे अजून वेळ," अरुंधती म्हणायची.

दुकानात गाईड चाळताना तिनं परत विचारलं. अरुंधतीच्या मनगटावर दहा वीस झाले होते.

तिनं पदर मनगटावर ओढून घेतला. "साडेनऊ."

शरयूनं सुटकेचा श्वास सोडला. "मग मिळेल मुहूर्त."

स्टेशनात शिरताना वर टांगलेलं मोठं घड्याळ समोरच होतं. अकरा पाच. शरयू थबकली. काट्यांकडे बघत राहिली, आकडे ओठांत पुटपुटली.

"आई, हे घड्याळ पुढे आहे का?"

"हो," अरुंधती म्हणाली. "पुढे आहे."

शरयूनं नंतर वेळ विचारली नाही. गाडीत खिडकीशी बसली, रिबिनींची पुडी मांडीवर घेऊन. पुडी उघडली नाही.

बदनापूरला उतरल्यावर ती पळाली नाही, चालत गेली. अरुंधती मागून. कडेच्या झाडावर नऊ लाल टोप्या उन्हात तशाच उभ्या होत्या. बाकीच्या सगळ्या ओळींत टोप्या निघाल्या होत्या, देठादेठाला दोरे बांधले होते. या एकाच झाडावर लाल.

सगुणाबाई बांधावर बसली होती. "दहाला आले, साडेदहाला आले, अकराला येऊन बसले," ती म्हणाली. "हात लावला न्हाई माय. तू शपथ घातल्ती."

शरयूनं एक टोपी काढली. आतला दांडा सुकून तपकिरी व्हायला लागला होता.

"मावशी, तुम्ही तरी करायचं होतं," अरुंधती म्हणाली. आवाज चढला तिचा. "लेकराची शपथ ती काय! खेळातली."

"खेळातली कशी, वैनी? तिनं खरी घातल्ती." सगुणाबाईनं गुडघ्यावर हात टेकून उठता उठता तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, तेच तर अवघड होतं. "जाऊ द्या. नऊ फुलांनी काय कंपनी बुडत न्हाई. उद्या दुसऱ्या येतील."

शरयू दुसऱ्या दिवशी रानात गेली नाही. तिसऱ्याही नाही. घरात बसली, गाईडमधले वाक्प्रचार न सांगता लिहू लागली. अरुंधतीला जे हवं होतं ते सगळं झालं होतं. पोरगी समोर होती, अभ्यास करत होती, 'आता जाऊ' म्हणत नव्हती. आणि घर असं झालं होतं, जसं बंद पडलेलं घड्याळ घरातल्या सगळ्या भिंतींवर लावून ठेवलंय.

बुधवारी संध्याकाळी शरयू अंगणात होती तेव्हा अरुंधतीनं वही उघडली. चोरूनच म्हणायचं. 'पुन्हा लिही'च्या खाली नवीन वाक्य होतं. अक्षर वळणदार, खोडाखोड नाही.

माझी आई फुलावरच्या लाल कागदासारखी आहे.

तिनं ते दोनदा वाचलं. मग वही घेऊन अंगणात गेली. शरयू कुंपणाच्या फटीतून रानाकडे बघत होती.

"हे मी वाचलं गं."

"सरांनी पुन्हा लिहायला सांगितलं होतं."

"छान आहे." अरुंधतीनं वही मिटली. "म्हणजे कसं? सांग ना मला."

शरयूनं विचार केला. ती शब्द जपून उचलायची, कळ्या उचलायची तसेच. "कागद असला की आत कोणी जात नाही. भुंगा नाही, माशी नाही. फूल नीट राहतं."

"हं."

"रात्रभर नीट राहतं."

"आणि मग?"

"मग सकाळी काढायचा असतो."

अरुंधतीनं फटीतून पलीकडे पाहिलं. नऊ फुलं सोमवारपासून एकेक करून गळत होती, आणि इथून, कुंपणापासूनही, झाडाखाली पडलेल्या टोप्या दिसत होत्या.

"शरयू, त्या दिवशी दुकानात साडेनऊ वाजले नव्हते."

"मला माहितेय."

"कधी कळलं?"

"गाडी आली तेव्हा. स्टेशनवरचं घड्याळ बरोबर होतं. फळ्यावर गाडीची जी वेळ लिहिली होती, त्या घड्याळात तेवढेच वाजलेले असताना गाडी आली." तिनं कुंपणाची तुरटी सोलायला घेतली. "मी आधी विचार केला, आईला म्हणायचं असेल वेगळंच. उजव्या बाजूचं. वहीत लिहितो तसं. मग खूप शोधलं. पण साडेनऊची उजवी बाजू सापडलीच नाही."

अरुंधतीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. "नव्हतीच," ती म्हणाली. "ते नुसतं खोटं होतं. मला वाटलं, तू आजीचीच होऊन जाशील."

शरयूनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं पहिल्यांदा 'तेल घालणे' ऐकून पाहिलं होतं. "पण तू तर खरी आहेस," ती म्हणाली. हे आपण लिहूनही दिलं होतं, सरांनी उगाच गोल केला, असा तिचा सूर.

अंधार पडायला अजून अवकाश होता. "जा," अरुंधती म्हणाली. "कळ्या असतील आज."

गुरुवारी सकाळी नरहर गाडीला गेल्यावर तिनं मनगटावरचं घड्याळ सोडलं. कॉलेजातल्या बक्षिसाच्या पैशांतून घेतलेलं, चौकोनी तबकडीचं. शरयूच्या हाताला ते बांगडीसारखं फिरत होतं. शेवटच्या भोकात अडकवलं तरी सैल. अरुंधतीनं पट्ट्याखाली रुमालाची घडी घातली.

"आता तूच बघ वेळ. मला विचारायला येऊ नको."

"अकराच्या आत येते. शाळा आहे."

"तुझं तू बघ."

शरयू फटीतून पलीकडे गेली. मनगट छातीशी धरून पळत होती, घड्याळ पडू नये म्हणून. "आलीस व्हय गं सोनारणी!" पलीकडून बैलगाडी उताराला लागली. "ये जल्दी! चार नवऱ्या खोळंबल्यात तुझ्यापायी. अन् हे काय हातात? वैनीनं दिलं? आरं वा, आता आमचा मुहूर्त बराबर निघंल!"

मग दोघी हसल्या. कशाला, ते ऐकू आलं नाही.

अरुंधती ओट्यापाशी आली. कणीक मळायला घेतली. किती वाजले असतील, ते कळायला घरात आता काहीच नव्हतं. पुन्हा हसणं ऐकू आलं, आणि तिच्या पोटात दुखलं, ते दुसरं, बरगडीखालचं. तिनं ते दुखू दिलं. खिडकीपाशी गेली नाही. दोनदा निघाली होती, पण दोन्ही वेळा अर्ध्यातून परतली.